दिव्याच्या बाजूने

ज्या मुलाच्या हातात सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत हलत्या चित्रांची चपटी पेटी असते, त्याला चित्रपटाचा आणि दूरचित्रवाणीचा इतिहास आणखी शिकवायचा कशाला, अशी शंका पुढील पाठ हाती घेणाऱ्या शिक्षकाच्या मनात प्रथम उद्भवेल, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही वेळा बांगड्याचे तिकले जेवणाऱ्या मुलाला रापण कशी घालतात, तिचा दोर किती जणांनी ओढावा लागतो आणि वाळूवर आलेल्या मासळीचे वाटे कोणत्या रिवाजाने पडतात हे जसे जेवता जेवता समजत नाही, तसेच अखंड चित्रे पाहणाऱ्या मुलालाही चित्र कोठून आले, ते कोणी घडविले आणि कोणासाठी घडविले हे पाहता पाहता समजत नाही. किंबहुना पाहण्याची सवय जितकी दाट, तितका हा प्रश्न मनात येण्याचा संभव विरळ. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ आणि सावंतवाडी या टापूतील शाळांसाठी तयार केलेल्या या पाठांचा उद्देश तो प्रश्न मुलाच्या मनात उत्पन्न व्हावा, एवढाच आहे.

आपल्या शालेय अभ्यासक्रमात या विषयाला जागा नाही असे कोणी म्हणू नये. २०१८ साली इयत्ता दहावीचे इतिहासाचे नवे पाठ्यपुस्तक आले, तेव्हा राजे, लढाया आणि तह यांची परिचित वाट सोडून इतिहासाचा व्यवहारात उपयोग कोठे होतो हे दाखविण्याचे धोरण त्याने स्वीकारले, आणि प्रसारमाध्यमांवर एक व मनोरंजनाच्या माध्यमांवर एक अशी दोन स्वतंत्र प्रकरणे त्यात घातली. कळसूत्री बाहुल्या, दशावतारी नाटके, कीर्तन, तमाशा, रंगभूमी आणि चित्रपट ही सारी मंडळी एकाच प्रकरणात एकमेकांच्या शेजारी बसलेली पाहून ज्या शिक्षकाला हर्ष झाला नसेल, त्याने हा विषय मनापासून कधी शिकविलाच नसेल असे मी म्हणेन. अडचण पुस्तकाची नाही. अडचण आहे ती दहावीच्या वर्षाची. ज्या वर्षी प्रत्येक परिच्छेद हा ‘टीपा लिहा’ या हुकमाचा संभाव्य मजकूर म्हणून वाचला जातो, त्या वर्षी दशावतार काय आणि मूकपट काय, चार ओळींत बसतील एवढेच उरतात. आणि ज्या मुलाने माघातल्या जत्रेत पहाटेपर्यंत जागून संकासुर पाहिला आहे, तेच मूल परीक्षेच्या कागदावर दशावताराविषयी जणू कोण्या दूरच्या मुलखाची हकीकत असावी तसे लिहिते. म्हणून हे पाठ पाचवी ते आठवी या वर्गांसाठी योजलेले आहेत, जेथे गुणांचा धाक अद्याप पुरता बसलेला नसतो आणि मुलांना प्रश्न विचारण्याची लाज वाटू लागलेली नसते.

हा विषय मी प्रथम शिकविला तो चुकीच्या टोकाकडून शिकविला, हे येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते, कारण नवा शिक्षकही बहुधा तेथूनच आरंभ करील. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन आपली चलच्चित्रे दाखविली. ७ जुलै १८९६ रोजी ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ बोलू लागला आणि १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठीला पडद्यावर वाचा दिली. सगळे खरे, सगळे आवश्यक, आणि मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरून घेतले. उतरून घेतले एवढेच. एकाही डोळ्यात कुतूहल चमकले नाही. मुलांना जे आधीच मिळालेले आहे ते त्यांच्या पूर्वजांना केव्हा केव्हा मिळाले, याची ती यादी होती. आणि दुसऱ्याला मिळालेल्या वस्तूंच्या पावत्या वाचण्यात कोणाला रस वाटावा?

पुढच्या वर्षी वर्गाला पिंगुळीस नेले.

कुडाळपासून जवळच असलेल्या या गावातील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तीन कला पिढ्यानपिढ्या जतन केल्या आहेत, त्यांना सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा आश्रय होता, आणि याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, एवढे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. परंतु ठाऊक असणे आणि त्या चित्रांसमोर मांडी घालून बसणे यांत फार अंतर आहे. चित्रकथीची पोथी म्हणजे आपल्या परिचयाची अक्षरांची पोथी नव्हे. ती सुट्या चित्रांची चळत असते, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली, आणि सांगणारा वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र पुढे धरून रामायणातला किंवा महाभारतातला प्रसंग गाऊन आणि बोलून सांगत जातो. चित्र स्थिर असते; हलते ती कथा. कोणते चित्र किती वेळ समोर राहू द्यायचे, कोणते झर्रकन पालटायचे, रावणाच्या मुद्रेवर बोट ठेवून कोठे थांबायचे आणि श्रोत्याचा श्वास केव्हा सोडायचा, याचा सारा अधिकार सांगणाऱ्याच्या हातात असतो. चित्रपटाच्या धंद्यात ज्याला संकलन म्हणतात आणि ज्यासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र यंत्र व स्वतंत्र माणूस लागतो, त्या कामाचे तत्त्व मुलांना येथे एका म्हाताऱ्या बोटाच्या टोकावर दिसते.

पण खरा पाठ छायाबाहुल्यांनी दिला. मुले पडद्यासमोर बसली, दिवा लागला, चामड्यातून कोरलेल्या आकृती पांढऱ्या कापडावर उमटल्या, आणि जे अपेक्षित होते तेच झाले: मुले रमली, हसली, टाळ्या पिटल्या. मध्येच एक मुलगा लघवीला म्हणून उठला आणि परत येताना वाट चुकून पडद्याच्या मागे गेला. तेथे त्याने दिवा पाहिला, बाहुलीची काठी धरलेला घामाने निथळणारा हात पाहिला, आणि ज्या राक्षसाला समोरची मुले भीत होती तो हातभर लांबीचा चामड्याचा तुकडा आहे हे पाहिले. तो तेथेच उभा राहिला; बोलावूनही समोर येईना. थोड्या वेळाने आणखी दोघे तिकडे गेले, मग अर्धा वर्ग. परतीच्या वाटेवर एस. टी. मध्ये मुलांनी मला जे प्रश्न विचारले तसे प्रश्न मला पॅरिस आणि वॉटसन हॉटेल शिकवून कधीही मिळाले नव्हते: दिवा जवळ आणला तर राक्षस मोठा का होतो, दोन हातांनी चार बाहुल्या कशा नाचवतात, आणि एका मुलीने विचारलेला, जो मला आजही पुरतेपणी सुटलेला नाही, तो असा की मागे बसणाऱ्याला स्वतःला खेळ कधी दिसतो का.

त्या दिवसापासून माझे मत असे बनले की या विषयाचा पहिला पाठ दिव्याच्या बाजूने झाला पाहिजे. समोरची बाजू मुलाला कोणी शिकवावी लागत नाही.

येथे एका मोहापासून शिक्षकाला सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो. पिंगुळीची चित्रे पाहून, ‘सिनेमाचा शोध मुळात आमच्या सिंधुदुर्गातच लागला’ असे मुलांना सांगण्याची ऊर्मी येते. स्थानिक अभिमान ही चांगली वस्तू आहे, पण खोट्या वंशावळीवर तो पोसू नये. साम्य म्हणजे वंश नव्हे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांच्या हाती जे आले ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून, बडोद्याच्या कलाभवनातून, छायाचित्रणातून, छापखान्याच्या शाईतून, जादूच्या प्रयोगांतून आणि गिरगावात पाहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या पटातून आले. पिंगुळीहून त्यांच्याकडे काही गेले असा पुरावा नाही. त्यांच्या आधीचा अधिक जवळचा दुवा हवा असेल तर तो कल्याणच्या पटवर्धनांकडे सापडतो. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दाखविण्यास १८९२ च्या सुमारास आरंभ केला होता, म्हणजे ल्युमिएर यांची पेटी मुंबईच्या बंदरात उतरण्यापूर्वीच मराठी माणूस अंधारात बसून पडद्याकडे पाहावयास शिकला होता. आपल्या किनाऱ्यावरील मुलांना पिंगुळी दाखवायची ती पूर्वज म्हणून नव्हे, तर किल्ली म्हणून. कुलूप दुसऱ्या घराचे असले तरी ती लागते.

आणि ती कशी लागते ते पाहावे. पोथीत काही डझन चित्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांबीचा, आणि पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटावर सोळा चित्रे मावतात, तेव्हा मुलांनी गुणाकार केला असता उत्तर येते ५९,२००. हे उदाहरण मी सहावीच्या वर्गात घालतो आणि उत्तर फळ्यावर लिहून झाले की काही वेळ काही बोलत नाही. एकोणसाठ हजार दोनशे चित्रे, आणि ज्या कोऱ्या फितीवर ती उमटायची तिच्या कडांना भोके पाडण्याचे काम रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके यांनी केले, मंडळींचा स्वयंपाक करून केले, आणि त्या उद्योगासाठी आपले दागिनेही दिले. मुलांना वाटते चित्रपट हा एका माणसाचा पराक्रम असतो, कारण भिंतीवरच्या जाहिरातीत एकाचेच मुख मोठे असते. पण रापणीच्या दोराला चाळीस हात लागतात हे ज्या गाबीत वाडीतल्या मुलाने पाहिले आहे, त्याला सरस्वतीबाईंच्या भोकांचे महत्त्व निराळे समजावून द्यावे लागत नाही. रापणीत दोर ओढणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो. चित्रपटाच्या इतिहासात तो पुष्कळदा राहून गेला आहे, आणि हे मुलांनी स्वतः बोलून दाखविले तर शिक्षकाने त्यांना अडवू नये.

फाळक्यांनी भांडवलदाराला पटविण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती. हा प्रयोग आमच्या पाठांत आम्ही जसाच्या तसा घेतला आहे. वाटाण्याऐवजी चवळी, आणि काळ श्रावणातला, कारण त्या हवेत चवळीला अंकुर फुटायला विलंब लागत नाही. शाळेच्या पडवीत करवंटी ठेवावी, एक फोन एका जागी पक्का बांधावा, तासातासाला एक चित्र घ्यावे आणि पाचव्या दिवशी ती सारी चित्रे भराभर सरकवावी. चवळी आपली मान वर काढते. ज्या मुलांनी त्या फोनवर हजारो दृश्ये पाहून टाकली आहेत, ती या एका दृश्याला ओरडून दाद देतात, कारण त्याच्या प्रत्येक चित्रामागे त्यांचा एक तास असतो.

‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या, खाणावळीत काम करणाऱ्या तरुणाने केली, हे इतर जिल्ह्यांतील मुलांना हसवते. आमच्या मुलांना हसू येत नाही. दशावताराच्या धयकाल्याला बसलेल्या मुलाने गावातल्या ओळखीच्या पुरुषाला शालू नेसून, द्रौपदी होऊन, पेटी आणि पखवाजाच्या साथीवर असा विलाप करताना पाहिलेले असते की शेजारच्या बायका पदराने डोळे टिपतात. एक साधे बाकडे तेथे सिंहासन होते, रथ होते, पर्वतही होते, आणि संवाद कोठेही लिहिलेले नसतात. मूकपटाच्या अभिनयाला आजचे मूल ‘खोटे’ म्हणते तेव्हा दशावतारी नटाच्या हातवाऱ्याची त्याला आठवण द्यावी. मागच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसापर्यंत जे पोचवायचे आहे त्याला तेवढा हात लांब करावाच लागतो. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या पटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियांनी पडद्यावर प्रथम पाऊल ठेवले, हे सांगून हा धडा संपवावा, आणि दशावताराच्या मंचावर ते पाऊल पडायला इतका विलंब का लागावा, असे कोणी मुलीने विचारल्यास तो प्रश्न टाळू नये.

आता एक गोष्ट मला काहीशा आग्रहाने मांडायची आहे. चित्रपटाच्या इतिहासात हा किनारा पुष्कळ दिसतो. पण तो पाहिला जातो, पाहणारा क्वचितच असतो. वेंगुर्ल्याच्या मातीतून उठलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘चानी’वर व्ही. शांताराम यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला, आणि ‘कोंडुरा’वर पुढच्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत. आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’वर १९८१ मध्ये निघालेल्या चित्रपटाने स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, पण त्या कथेतील वस्ती मुंबईतल्या झोपड्यांची होती. आमची माणसे लिहिणारी झाली, त्यांच्या कथा पडद्यावर गेल्या, परंतु त्या कथांतली बोली वाटेत कोठे तरी उतरून राहिली. ती कानी पडली ती मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’मुळे, गंगाराम गवाणकरांच्या त्या नाटकाने १९८० पासून मालवणीला मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर मानाने उभे केले तेव्हा, आणि घरोघरच्या पडद्यावर ती दररोज येऊ लागली २०१६ मध्ये, ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने आकेरीच्या एका जुन्या वाड्यात बस्तान मांडले तेव्हा.

या मालिकेचा पाठ मी सर्वांत काळजीने लिहिला आहे. तिने मालवणी बोलीला घराघरात नेले, हा तिचा मोठेपणा आहे आणि तो मी मनापासून मानतो. पण तिच्या पश्चात आकेरी म्हटले की भुताचा वाडा, आणि कोकण म्हटले की काळोख, करणी व किंचाळी, ही समजूत दूरच्या प्रेक्षकांत दृढ झाली. तो वाडा पाहण्यास माणसे गाड्या करून येऊ लागली. ज्या मुलाची शाळेची वाट त्या बाजूने जाते, त्याला दिवसाउजेडी तो वाडा चिऱ्यांचा, कौलांचा, पावसात गळणारा आणि सारवलेल्या खळ्याचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरासारखाच दिसतो. हे दोन वाडे, डोळ्यांनी पाहिलेला आणि पडद्यावरचा, मुलाने एकमेकांशेजारी मांडावे. दिवा कोठे ठेवला म्हणजे दाराची चौकट भिववू लागते, कोणता आवाज मागाहून घातला आहे, माडांच्या झावळ्या दिवसा कशा हालतात आणि रात्री कशा ‘हालविल्या’ जातात, हे त्याने स्वतः करून पाहावे. याला मी निंदा म्हणत नाही. जत्रेतला संकासुरही काळाच असतो, आणि त्याच्यावर मुलांचा जीव असतो.

दूरचित्रवाणीविषयी मला थोडक्यात आवरते घेता येईल, कारण तिचा पाठ शिक्षकाने लिहायचाच नाही; तो मुलांनी आजीकडून आणायचा आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की थबकतात, एवढे सांगून मुलांना वाडीत सोडावे: पहिला संच कोणाच्या घरी आला, तो कोणत्या चाकरमान्याने मुंबईहून आणला, ॲन्टेना फिरवायला कौलावर कोण चढत असे, १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा परक्याच्या पडवीत कोण कोठे बसे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर बसावे लागे. शेवटचा प्रश्न अवघड आहे, आणि तो यादीतून गाळू नये. मुंबईत राहिलेल्या एखाद्या आजीला सत्तरच्या दशकातले ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ आठवते आणि तिच्या नातवाने २०२५ चा ‘दशावतार’ पाहिलेला असतो. त्या दोन्ही ठिकाणी दिलीप प्रभावळकर हा एकच नट आहे हे दोघांना एकमेकांकडून कळते, तेव्हा जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास एका खळ्यात, चहाच्या दोन पेल्यांमध्ये, येऊन बसतो.

उरला प्रश्न टिकण्याचा. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक पट निघाले, त्यांपैकी वाचले ते अगदी थोडे, जुनी फीत ज्वालाग्राही होती आणि तिच्यातल्या चांदीच्या लोभानेही पुष्कळ पट नष्ट झाले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी डबे गोळा करण्यात जन्म घालविला, म्हणून जे आहे ते आहे. परंतु पुण्याची तिजोरी आमच्या वाडीतील दप्तर सांभाळणार नाही. चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या, गणपतींच्या, धयकाल्यांच्या व्हिडिओ कॅसेटी माळ्यावर पडून आहेत, त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी चढली आहे, आणि त्यांत असे दशावतारी नट बोलत-गात आहेत ज्यांचा आवाज अन्यत्र कोठेही उरलेला नाही. पिंगुळीच्या गंगावण्यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. शाळेने निदान एक कपाट आणि एक नोंदवही यांची तजवीज करावी, आणि कॅसेट कोणाची, कोणत्या सालची, तिच्यात कोण आहे, याची बारनिशी मुलांच्याच अक्षरात ठेवावी. हे पाठ इतर कारणांनी फसले तरी चालतील; हे काम राहिले तर मला फार वाईट वाटेल.

पहिल्या पाठाच्या साहित्याविषयी काही शिक्षकांनी विचारणा केली, तिचे उत्तर देऊन थांबतो. पिंगुळीस जाणे न जमल्यास एक जुने धुतलेले धोतर, दोन बांबू, एक दिवा आणि वह्यांचे जाड पुठ्ठे एवढे पुरते. वर्ग दिवसा भरतो, म्हणून पडवीची दारे लावून घ्यावी आणि फटींत गोणपाट कोंबावे. दिवा विजेचा असला तरी चालेल, पण तेलाचा मिळाल्यास तो घ्यावा, कारण तो थरथरतो आणि त्याच्याबरोबर सावलीही. मुलांचे दोन गट करावे आणि मध्यावर जागा बदलावी. मात्र जी मुले वर्गात नेहमी मागच्या बाकावर बसतात, त्यांना आरंभी दिव्याकडे बसवावे.